पहिला नंबर विकत मिळत नाही



गेल्या पंधरवड्यात वस्तीतल्या एका भगिनीने आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, "भाऊ, पोरगी म्हणते एसईओचा क्लास लावायचाय. फी 50 हजार सांगतात. हे एसईओ म्हणजे काय तलाठ्यासारखी परीक्षा असते का हो?" शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरांना हसू आले. आम्हांला आले नाही. 2023 साली हाच प्रश्न आमच्या बहिणीच्या घरात निघाला होता आणि त्याचे उत्तर आम्हां सर्वांना 16 हजार रुपये भरून झाल्यावर मिळाले. म्हणून या खेपेचे सदर त्याच विषयावर.

आमची भाची बी. कॉम. झाली. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, अंबरनाथला शिलाई मशीन दुरुस्तीचे काम करतात. दुकान नाही. पत्र्याची पेटी, जुनी स्कूटर आणि पंचवीस वर्षांचा हात एवढेच भांडवल. बहीण घरी फॉल-पिको करते. अशा घरातल्या पोरीने एका खाजगी क्लासला नाव घातले. फी 48 हजार, तीन हप्ते. पहिला हप्ता बहिणीने भिशी उचलून भरला. क्लासवाल्याने दोन आश्वासने दिली होती. एक, शंभर टक्के नोकरी. दुसरे, कोणतेही संकेतस्थळ पंधरा दिवसांत गुगलच्या पहिल्या नंबरवर कसे आणायचे ते शिकवू.

दोन महिने गेले. तेवढ्यात दोन मास्तर बदलले. पोरीच्या हाती एक यादी पडली, 400 संकेतस्थळांची. त्या प्रत्येकावर जाऊन एकच मजकूर चिकटवायचा आणि खाली आपला दुवा, म्हणजे लिंक टाकायची, हा गृहपाठ. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून तिने तो केला. दुसऱ्या हप्त्याची तारीख जवळ आली तेव्हा बहीण कानातले गहाण ठेवायला निघाली. त्या दिवशी पोरगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही छापखान्यात होता. तुम्हांला यातलं काही कळतं का?"

आम्हांला काहीही कळत नव्हते. आयुष्य कंपोझिंगमध्ये गेले, आधी खिळे जुळवले, मग डीटीपीवर बसलो. परंतु एक गोष्ट ठाऊक होती. पंधरा दिवसांत पहिला नंबर देणारा माणूस लॉटरीवाला तरी असतो किंवा खोटारडा तरी. आम्ही बहिणीला एवढेच सांगितले की दुसरा हप्ता आठ दिवस भरू नकोस. आणि मामा-भाची दोघे मिळून वाचायला बसलो.

आता मुळापासून सांगतो. सर्च इंजिन म्हणजे शोधयंत्र. गुगलला आपण प्रश्न विचारतो तेव्हा ते त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्याचे काम आधीच झालेले असते. गुगलबॉट नावाचा त्यांचा एक प्रोग्राम रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरत असतो. पान दिसले की वाचतो आणि त्याची नोंद होते. मोठ्या ग्रंथाच्या शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर आला त्याची. तशीच ही सूची, फक्त अवाढव्य. आपण शब्द टाकला की ती सूची उघडली जाते आणि कोणते पान वर दाखवायचे, कोणते खाली, याचा क्रम लावला जातो. आपले पान त्या प्रोग्रामला सापडावे, नीट वाचता यावे आणि योग्य माणसापुढे यावे म्हणून जी मेहनत करायची तिचे नाव सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ. परीक्षा नाही, पदवी नाही. हा एक हुन्नर आहे.

असे पहिले शोधयंत्र 1990 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तयार झाले. आर्ची त्याचे नाव. ते केले अॅलन एम्टेज नावाच्या विद्यार्थ्याने, आणि हा तरुण होता बार्बाडोस या छोट्या बेटावरचा, कृष्णवर्णीय. आमच्या भाचीला क्लासमध्ये हे कोणी सांगितले नव्हते. आम्ही वाचून दाखवले तेव्हा ती थोडी सावरून बसली. आर्ची फक्त फायलींची नावे शोधून देई, आतला मजकूर नाही. पुढे 1998 साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी गुगल काढले. त्यांची युक्ती आपल्याकडच्या सोयरिकीसारखीच आहे. मुलगा स्वतः सांगतो की मी निर्व्यसनी आहे, कामाला लागलेला आहे. ते आपण ऐकून घेतो, पण चौकशी दहा ठिकाणी करतो. त्यातही ज्या माणसाला चार लोक मानतात त्याच्या शब्दाला जास्त वजन देतो. एका पानावरून दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे अशी शिफारस, हे त्यांनी धरले. आज क्रम लावताना गुगल याखेरीज पुष्कळ गोष्टी पाहते, परंतु मूळ धागा हा.

मग लोकांनी काय केले असेल? शिफारशी विकत घ्यायला सुरुवात केली. आमच्या पोरीच्या हातातली ती 400 ची यादी म्हणजे फुकटातली तीच तऱ्हा. हे आम्हांला कळले ते अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या बड्या दुकानाच्या गोष्टीवरून. कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत कशालाही शोधा, हेच दुकान वर. 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने छापले की हजारो असंबद्ध पानांवर या दुकानाचे दुवे पेरलेले आहेत आणि त्यांसाठी पैसे दिले गेले आहेत. गुगलने कारवाई केली आणि दुकान एकदम कित्येक पाने खाली गेले. त्याआधी 2006 साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मनीतले संकेतस्थळ गुगलने काही काळ यादीतूनच काढले होते, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच पान दाखवले जात होते. एवढ्या मोठ्यांचे असे झाले. आपण तर पेटी घेऊन फिरणारे.

आणखी एक गंमत. क्लासमध्ये 'कीवर्ड टॅग' या विषयावर दोन दिवस शिकवले होते. पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, शब्दांची माळ लिहायची. गुगलने 2009 च्या सप्टेंबरमध्येच जाहीर केले आहे की क्रम लावताना आम्ही हा टॅग वापरत नाही. म्हणजे 14 वर्षांपूर्वी बंद पडलेल्या विहिरीवर आमची पोरगी घागर घेऊन उभी होती, आणि तिची आई त्याचे पैसे भरत होती. राग आला. क्लासवाल्याचा आलाच, पण स्वतःचाही आला की पहिला हप्ता भरायच्या आधी आपण घरात कोणीच चार प्रश्न का विचारले नाहीत.

ज्या पुस्तिकेतून आम्ही शिकलो ती गुगलनेच नवशिक्यांसाठी लिहिलेली आहे. 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन स्टार्टर गाइड' असे तिचे नाव. फुकट आहे, मोबाईलवर वाचता येते, हिंदीतही आहे. सावकाश वाचली तरी एक-दोन संध्याकाळी पुरतात. त्यांच्याच दुसऱ्या एका पानावर स्वच्छ लिहिले आहे की गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि केलेल्या कामाचा गुण दिसायला सर्वसाधारणपणे चार महिने ते एक वर्ष लागते. गुगलला जाहिरातीचे पैसे दिले तर जाहिरातीच्या जागी नाव येते. खालच्या मुख्य यादीतला क्रम त्याने सुधारत नाही. हे पान आम्ही बहिणीला वाचून दाखवले. दुसरा हप्ता राहिला. पहिला परत मिळाला नाही, तो मिळणारही नाही.

परंतु वाचून पोहता येत नाही. सराव कशावर करायचा? क्लासमध्ये खोट्या हॉटेलाचे पान करायला लावले होते. आम्ही म्हटले, घरात खरे काम आहे की. दाजींचे पान कर.

इथे खरे शिक्षण सुरू झाले. आम्ही पोरीला संगणकाला हातच लावू दिला नाही. एक वही दिली आणि सांगितले, आठ दिवस दाजींना जो फोन येईल त्यात गिऱ्हाईक नेमके काय बोलते ते त्याच्याच शब्दांत लिही. दाजी आधी कुरकुरले. "माझ्या फोनात काय वेद आहेत?" पण फोन स्पीकरवर ठेवू लागले. वहीत काय आले पाहा. मशीन टाका सोडतंय. धागा सारखा तुटतो. जड चालतंय. ओव्हरलॉकचा आवाज येतोय. सासूबाईंचं पायाचं मशीन आहे, मोटार बसेल का? घरी येता का? नुसतं बघायचे किती घेता? उल्हासनगरच्या बायका 'सिलाई मशीन' म्हणत, आपल्याकडच्या 'शिलाई मशीन'. 'दुरुस्ती' हा शब्द आठ दिवसांत दोघांनीच वापरला, बाकी सगळे 'रिपेरिंग'. आणि पोरीने स्वतः आधी पानावर काय लिहिले होते? 'सर्व प्रकारच्या वस्त्रोद्योग यंत्रसामग्रीची उत्कृष्ट सेवा.' असे शब्द टाकून कोण शोधणार? तिने स्वतःच ती ओळ खोडली.

एसईओवाले ज्याला कीवर्ड रिसर्च म्हणतात, ते हे. त्यासाठी महागडी साधने विकतात, आणि मोठ्या कामाला ती लागतही असतील. नवशिक्याला वही पुरते.

पान तिने गुगलच्याच ब्लॉगर या फुकट सोयीवर केले. आता आमचा छापखाना उपयोगी पडला. तिने पानाचे शीर्षक ठेवले होते 'होम'. आम्ही म्हटले, बाई, बातमीला 'बातमी' असे शीर्षक कोणी देते का? शोधताना यादीत जी ठळक ओळ दिसते ती बहुधा या शीर्षकावरूनच येते. चाळीत पोस्टमन दारावरची पाटी वाचतो, तशी. पाटीवर 'घर' असे लिहिले तर पत्र कोणाला द्यायचे? मग शीर्षक झाले: 'शिलाई मशीन रिपेरिंग घरी येऊन, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर'. क्लासच्या सवयीने तिने खालच्या मजकुरात अंबरनाथ हा शब्द वीस-बावीस वेळा कोंबला होता. मोठ्याने वाच म्हटले. तिसऱ्या ओळीला तिलाच हसू फुटले. शब्द असे कोंबणे गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि माणसाला तर मुळीच सहन होत नाही.

दाजींनी आपले जुने व्हिजिटिंग कार्ड दिले होते, त्याचा फोटो पोरीने पानावर लावला आणि समजली की फोन नंबर, कामे, सगळे आले. फोटोतल्या अक्षरांवर यंत्राने विसंबावे असे आपण धरू नये. मजकूर मजकुरातच लिहावा. फोटोला मात्र त्यात काय आहे ते सांगणारी एक ओळ जोडावी. ती यंत्राला कळते आणि ज्या अंध बांधवांना मोबाईल वाचून दाखवतो त्यांनाही ऐकू येते.

भावावरून घरात भांडण झाले. वहीतला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता 'बघायचे किती घेता'. पोरगी म्हणाली, तोच पानावर लिहू. दाजी म्हणाले, "भाव लिहिला की गिऱ्हाईक पळतं. माणूस बघून भाव सांगायचा असतो." बहीण लेकीच्या बाजूने. शेवटी 'भेट 200 रुपये, काम केल्यास त्यातून वजा' एवढे लिहायचे ठरले. 'मशीन टाका सोडतंय' या प्रश्नासाठी वेगळे पान केले. त्यात दाजींनी सांगितले ते जसेच्या तसे घातले: आधी सुई बदलून पाहा, वाकडी असेल किंवा उलटी बसली असेल तर टाका सुटतो, बॉबिनच्या खाली दोऱ्याचा गुंता व कचरा साचला आहे का पाहा, तरी सुटत असेल तर फोन करा. दाजींना ही विद्या फुकट वाटणे पटले नव्हते. आमचे मत विचाराल तर तेच पान सगळ्यांत चांगले झाले, कारण ते पंचवीस वर्षे मशीन उघडलेल्या माणसाने सांगितलेले होते, इकडून तिकडून उचललेले नव्हते.

आता फजिती ऐका. जानेवारी 2024 मध्ये पान तयार झाले. एक आठवडा गेला, महिना गेला, सात आठवडे गेले. गुगलवर काहीच नाही. पानाचे अख्खे नाव टाकून शोधले तरी नाही. दाजी रोज जेवताना विचारत, "आलो का मी गुगलवर?" आणि पोरगी ताटातून मान वर करीत नसे. अखेर तिने सर्च कन्सोल लावले. हे गुगलचेच फुकट साधन आहे; आपले पान सूचीत आहे की नाही, कोणत्या शब्दांवर किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, ते त्यात समजते. त्यात लिहून आले की या पानावर 'नोंद करू नका' अशी खूण आहे. ती खूण कोणी लावली? तिनेच. पान अर्धवट असताना कोणी पाहू नये म्हणून ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दिसण्याची कळ तिने बंद केली होती आणि विसरली. दारावर पाटी लावली आणि दाराला बाहेरून कुलूप. ती रडली. आम्ही म्हटले, हे क्लासमध्ये 48 हजार भरूनही शिकली नसतीस. (तेव्हा तिला ते आवडले नाही.)

कुलूप काढल्यावर काही दिवसांनी नोंद झाली. पहिल्या आठवड्यात पान 11 वेळा दिसले, उघडले कोणीच नाही. पण कोणत्या शब्दांवर दिसले ते पाहून ती थक्क झाली. बहुतेक लोक मराठी किंवा हिंदी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधत होते. मग तिने एका ओळीत, ओढूनताणून न वाटेल असे, 'सिलाई मशीन रिपेअर' हे शब्द त्या अक्षरांतही घातले.

दाजींसारख्या फिरत्या कारागिराला याहून उपयोगी पडले ते गुगलचे बिझनेस प्रोफाइल. नकाशावर जे नाव, नंबर आणि तारे दिसतात ते त्यातून येतात. तेही फुकट. घरूनच धंदा असेल तर घरचा पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात काम करतो ते दाखवता येते. लेकीबाळी असलेल्या घराने हे जरूर करावे. आपण खरेच ते काम करतो हे पटवायला मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवावा लागला. दाजींनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला. नकाशात वर येण्यासाठी गुगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: शोधलेल्या कामाशी तुमचे काम किती जुळते, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचे नाव किती माहितीचे आहे. बदलापूरच्या माणसाला अंबरनाथचे दाजी नेहमीच पहिले दिसतील असे नाही, आणि त्यावर काही इलाज नाही.

बहिणीने उत्साहाने सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकले की पाच-पाच तारे द्या. आमच्या घरी तर शिलाई मशीनच नाही! भाचीने आईला थांबवले. खोटे अभिप्राय गुगल काढून टाकते आणि प्रोफाइलही धोक्यात येते. आता काम झाल्यावर दाजी गिऱ्हाइकाला म्हणतात, "ताई, जमलं तर दोन ओळी लिहा." दहातली एखादी लिहिते. एकीने लिहिले आहे, माणूस चांगला पण वेळेवर येत नाही. दाजींना ते लागले. हल्ली निघताना फोन करतात.

काही वाचक विचारतील, आता गुगल वरच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तर देते, मग पान उघडणार कोण? ऑगस्ट 2024 पासून भारतातही अशी उत्तरे दिसू लागली आहेत हे खरे. सुई कशी बसवायची एवढेच ज्याला हवे तो तिथेच वाचून निघून जाईल. हा धंदा शिकणाऱ्यांनी त्याची दखल घेतलीच पाहिजे; नुसती ऐकीव माहिती लिहिणाऱ्या पानांचे दिवस कठीण आहेत. पण ओव्हरलॉकचा आवाज घरी येऊन ऐकायला माणूसच लागतो.

पैशांचे म्हणाल तर दाजींना त्या पावसाळ्यानंतर आठवड्याला दोन-तीन नवे फोन येऊ लागले. वस्तीतल्या तोंडी ओळखीचे गिऱ्हाईक आजही त्याहून जास्त आहे. भाचीला चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या ठिकाणी मुलाखतीत त्यांनी प्रमाणपत्र मागितले नाही, काय केले ते दाखव म्हटले. तिने वडिलांचे पान दाखवले, आणि सात आठवड्यांच्या कुलुपाची गोष्टही सांगितली. तिला शिकाऊ म्हणून घेतले. पगार थोडा आहे. भिशीचे 16 हजार तिने आईला हप्त्याहप्त्याने परत केले.

रस्त्यात भेटलेल्या त्या भगिनीला आम्ही सांगितले की फी भरू नका, मुलीला रविवारी पाठवा. मुलगी आली होती. तिची आई पोळीभाजीचे डबे देते. भाचीने तिला वही दिली आणि आठ दिवसांचे काम सांगितले. परवा पाहिली तर वहीत सतरा प्रश्न झाले होते, आणि त्यांतले पाच एकच: रविवारी डबा मिळतो का?